बाईच्या पासपोर्टला जामीन कोण?

पासपोर्ट, व्हिसा हे शब्द निघाले की आमच्या बैठकीतल्या बाया हसतात. "ते शहरातल्यांचं. आपल्याला गोंदियाला जायचं तरी घरी विचारावं लागते," असे कुणीतरी म्हणते आणि विषय रेशनकार्डावर येतो. स्त्री-संघटनांच्या शिबिरांतही हा विषय क्वचितच असतो. हिंसा, दारूबंदी, पाणी, मजुरी, जमीन यांवर पुस्तिका निघतात. व्हिसा हा सुखवस्तू घरांचा मामला समजला जातो. माझे म्हणणे असे की, व्हिसा हा बाईच्या नावाचा, मालमत्तेचा, लग्नाचा आणि मजुरीचाच प्रश्न आहे. फरक इतकाच की तो देशाच्या सीमेवर उभा असतो.

गोरेगाव म्हटले की लोकांना मुंबईचे आठवते. मी लिहिते आहे ती गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावातून. हा धानाचा मुलूख. रोवणी आणि कापणीचे दिवस सोडले तर हाताला पुरते काम नाही. उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता, एरवी कामासाठी बाहेर जाणारी माणसे. पण याच तालुक्यातली एखादी पोर आता नर्सिंग शिकते. एखादीचे लग्न अमेरिकेत संगणकाची नोकरी करणाऱ्या मुलाशी ठरते. एखादीला "मस्कतला घरकाम आहे, खाणेपिणे मालकाचे" असे सांगणारा दलाल भेटतो. तिघींच्या वाटा वेगळ्या आणि तिघींचे कागदही वेगळे. कोणता कागद आपल्या हातात आहे हे त्यांना सांगणारे मात्र गावात कुणी नसते. सांगतो तो दलाल, नाहीतर होणारा नवरा. दोघांचाही त्यात हितसंबंध असतो.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता. आजच्यासारखी व्हिसाची पद्धतच तेव्हा नव्हती. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. दोघींना अडवू पाहिले ते समाजाने. अठराव्या वर्षी आनंदीबाईंना श्रीरामपूरच्या सभेत उभे राहून 'मी का जाते' याचा जाहीर खुलासा करावा लागला. एकटी का जातेस, नवरा बरोबर का नाही, तिथे राहणार कशी, परत आल्यावर तुला कोण घेणार, हे ते प्रश्न. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळापासून पासपोर्ट-व्हिसाचे राज्य पक्के झाले. समाजाच्या जागी खिडकी आली आणि खिडकीत बसलेला साहेब. प्रश्न मात्र पुष्कळसे तेच राहिले.

हे प्रश्न कोणत्या थराला जाऊ शकतात याचे एक उदाहरण प्रत्येक कार्यकर्तीला ठाऊक असायला हवे. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. तिथे राहणाऱ्या माणसाशी तिचे लग्न ठरले होते. तेव्हाच्या ब्रिटिश नियमांप्रमाणे लग्नासाठी येणाऱ्या वाग्दत्त वधूला आधी परवाना काढावा लागत नसे; लग्न झालेल्या पत्नीला मात्र तो लागे आणि त्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागे. ही बाई वधू नसून पत्नीच असावी, असा अधिकाऱ्यांना संशय आला. त्याची शहानिशा करायला डॉक्टरकडून तिची कौमार्य-तपासणी करण्यात आली. वृत्तपत्रात बातमी आली, तिथल्या आशियाई स्त्रियांच्या गटांनी निदर्शने केली, संसदेत प्रश्न विचारले गेले आणि ती पद्धत बंद झाली. सरकार तेव्हा एकदोन प्रकरणांबद्दल बोलत होते. सरकारी दप्तरातले जुने कागद अभ्यासकांनी शोधले तेव्हा, २०११ साली, बाहेर आले की भारतीय उपखंडातल्या किमान ८० स्त्रियांची अशी तपासणी झाली होती. व्हिसाच्या एका वर्गाचा आणि दुसऱ्या वर्गाचा फरक बाईच्या शरीरात शोधला गेला. तेव्हा व्हिसाचे प्रकार हा नुसता तांत्रिक विषय आहे, असे कुणी म्हटले तर मला पटत नाही.

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. परदेशी जायला तीन दारे असतात. पहिले पासपोर्टचे, ते आपले सरकार उघडते. दुसरे व्हिसाचे, ते त्या देशाचे सरकार उघडते. तिसरे विमानतळावरचे; तिथला अधिकारी व्हिसा पाहूनही परत पाठवू शकतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी अशी पुष्कळ देशांची अट असते. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता, खर्चापुरते पैसे यांचा पुरावाही मागतात. व्हिसाचे मुख्य प्रकार चारच धरले तरी पुरे: भेटीचा किंवा पर्यटनाचा, शिक्षणाचा, नोकरीचा आणि अवलंबिताचा. कशाला येतेस, तुला पोसणार कोण आणि परत कधी जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे या चार प्रकारांत वाटलेली आहेत. पुरुष आणि बाई दोघांनाही हेच प्रश्न असतात. पण आपल्याकडे बाईचे नाव, पैसा आणि जमीन ज्या रीतीने दुसऱ्याच्या हाती असते, त्यामुळे तीच प्रश्नपत्रिका तिला दुप्पट अवघड जाते.

नावापासूनच बघा. मराठी बाईचे नाव लग्नानंतर दोन ठिकाणी तरी बदलते: मधले बापाचे जाऊन नवऱ्याचे येते, शेवटचे आडनाव बदलते. पुष्कळ घरांत पाटावरून उठताना पहिले नावही बदललेले असते. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, आधार कार्डावर दुसरी आणि बँकेच्या पासबुकावर तिसरी. गावात याने काही अडत नाही. सगळे तिला अमक्याची आई म्हणून ओळखतात. परदेशी वकिलातीला मात्र या तीन बाया दिसतात आणि तिथे संशय सुरू होतो. टाकून दिलेल्या बाईची गत आणखी वाईट. कागदावर ज्याचे नाव आहे तो माणूस दहा वर्षांत दिसलेला नाही, आणि नाव काढायचे तर त्याच्याच सहीची भाषा ऐकावी लागते.

कायदा इतका मागासलेला नाही. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी खटल्यात २५ जानेवारी १९७८ रोजी स्पष्ट केले. सरकारने जप्त केलेल्या एका बाईच्या पासपोर्टावरून संविधानाच्या २१व्या कलमाचा अर्थ सगळ्या देशासाठी विस्तारला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशी आहे. मे २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एकट्या आईने वाढवलेल्या मुलीच्या पासपोर्टवर बापाचे नाव सक्तीचे करता येणार नाही, असा निर्णय दिला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने नियमच बदलले. आई किंवा बाप, कुणा एकाचे नाव पुरते. विवाहाच्या दाखल्याची सक्ती गेली. घटस्फोटित किंवा विभक्त स्त्रीने नवऱ्याचे नाव लिहिण्याची गरज उरली नाही. तरीही जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, पत्नीच्या पासपोर्ट अर्जावर नवऱ्याची सही मागता येत नाही. त्या बाईचा घटस्फोटाचा दावा चालू होता आणि कार्यालय त्याच नवऱ्याच्या सहीसाठी अडून बसले होते. म्हणजे नियम बदलून आठ वर्षे उलटली तरी खिडकीतल्या माणसाच्या डोक्यातला नियम बदललेला नव्हता. गोंदिया जिल्हा नागपूरच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. तिथे जाणाऱ्या प्रत्येक बाईला हा २०१६ चा बदल ठाऊक असला तर अर्धी लढाई घरीच जिंकली जाईल.

आता पैशाकडे आणि जमिनीकडे वळू. भेटीच्या व्हिसासाठी तुझे मायदेशी परतण्याचे कारण काय, असे विचारतात. अमेरिकेच्या कायद्यात तर गृहीतच असे आहे की, भेटीसाठी येणारा प्रत्येक जण तिथे कायमचा राहायला येतो आहे. तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे. नोकरी दाखव, बँकेतली शिल्लक दाखव, मालमत्ता दाखव. आमच्याकडची बाई आयुष्यभर चिखलात रोवणी करते, पण सातबारा सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असतो. तिचे परतण्याचे कारण म्हणजे तिचे शेत, आणि ते कागदावर तिचे नाही. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवून बायकांच्या नावावर जमिनी करायला लावल्या. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्ती केली, २००५ मध्ये ती देशभर झाली. आपण हे सारे पोटासाठी आणि मानासाठी मागत होतो. सातबाऱ्यावरचे नाव बाईच्या पासपोर्टाला जामीन राहते, हा त्याचा आणखी एक उपयोग ध्यानात घ्यावा. तो नसला की जामीन म्हणून बाप, भाऊ नाहीतर नवरा उभा करावा लागतो.

सगळ्यांत बोचरा प्रश्न मजुरीचा आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'तपासणी आवश्यक' असा शेरा असतो. सौदी, कुवेत, ओमान, कतार, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीसाठी जायचे तर अशा माणसाला उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. इथवर ठीक. पण बाईसाठी पुढे आणखी दोन कुलपे आहेत. एक, तिचे वय किमान ३० असले पाहिजे. दोन, ऑगस्ट २०१६ पासून तिची भरती सरकारमान्य खाजगी एजंटाकडूनही होत नाही, फक्त राज्य सरकारांनी चालवलेल्या संस्थांमार्फत होते. केरळ, तामिळनाडू, आंध्र, तेलंगण या राज्यांत अशा संस्था नावारूपाला आलेल्या आहेत; गोरेगावच्या बाईला त्यांची नावेही ऐकून माहीत नसतात. पुरुषाला या दोन्ही अटी नाहीत. नर्स तर शिकलेली असते, तिच्या पासपोर्टवर तो शेराही नसतो. तरी या देशांत जायला २०१५ पासून तिलाही परवानगी आणि ठरवून दिलेल्या संस्थेचा रस्ता लागतो.

आमच्या एका गटातली सव्वीस वर्षांची बाई, नववीपर्यंत शिकलेली, नवऱ्याने टाकलेली, एक मूल पदरात. तिने दलालाने दिलेला कागद वाचून घ्यायला आणला. कागद मस्कतचा होता, खराही होता. पण पर्यटकाचा होता. नोकरी नसताना केवळ भेटीला जायचे तर शेरा असलेल्या पासपोर्टवालीलाही ती परवानगी लागत नाही. दलालांची सगळी वाट या फटीतून जाते. भेटीच्या व्हिसावर न्यायचे आणि तिथे कामाला जुंपायचे. अशी बाई दोन्ही सरकारांच्या दप्तरी पाहुणी असते. मजुरी बुडाली तर तक्रार कशाची करणार? तिच्याजवळ करार नसतो. परवानगी घेऊन गेलेल्याला मिळतो तो प्रवासी भारतीय विमा, दहा लाखांचा आणि दोन वर्षांना २७५ रुपये हप्त्याचा, तोही नसतो. हे सगळे आम्ही तिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग ताई, बरोबर कागदावर जायचं तर कसं जायचं?" त्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर एवढेच होते की, आणखी चार वर्षे थांब. तिच्या मुलाची शाळा आणि तिचे पोट चार वर्षे थांबणार नव्हते.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, अट राहू द्या. घरात कोंडलेल्या, पासपोर्ट हिसकावून घेतलेल्या, मार खाणाऱ्या बायांच्या कहाण्या त्यांनी ऐकलेल्या आहेत. ती भीती खोटी नाही. आखातात कफाला नावाची पद्धत आहे. तिच्यात मजुराचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. मालकाचे घर सोडले की बाई बेकायदा ठरते, आणि मालकानेच तिला फरार म्हणून कळवले की पोलीस तिलाच शोधतात. पण नीट बघा, इथे कुलूप आहे ते व्हिसात. तीस वर्षांची अट ते उघडत नाही. एकतिसाव्या वर्षी गेलेली बाई तितकीच कोंडलेली असते. उलट बाविशीतली दहावी पास मुलगी त्याच घरात त्याच कामाला कोणत्याही तपासणीशिवाय जाऊ शकते. मग ही अट नेमके कुणाचे रक्षण करते?

नेपाळने हा प्रयोग आपल्या आधी केला. कुवेतमध्ये एका नेपाळी कामगार स्त्रीचा मृत्यू झाल्यावर १९९८ मध्ये त्या सरकारने घरकामासाठी आखातात जाणाऱ्या बायांवर बंदी घातली. २०१० मध्ये ती उठवली, २०१२ मध्ये तीस वर्षांखालील स्त्रियांसाठी पुन्हा आणली. बाया थांबल्या नाहीत. त्या सीमा ओलांडून भारतात आल्या आणि दिल्ली-मुंबईहून विमानात बसल्या, जास्त पैसे मोजून आणि कोणतीही नोंद न ठेवता. बंदीने दलालाचा भाव वाढतो, हा त्यातला धडा.

आणि दलालाला भीती कशाची? १९८३ च्या कायद्यात बेकायदा भरतीला शिक्षा आहे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. एका बाईकडून तो घेतो त्याच्या मानाने ही रक्कम काहीच नाही. नव्या कायद्याचे मसुदे २०१९ आणि २०२१ मध्ये लोकांपुढे ठेवले गेले, त्यांचा कायदा झाला नाही. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक १८९, जिनिव्हात २०११ मध्ये मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिले, पण त्यावर शिक्कामोर्तब केले नाही. बाईला घरी थांबवणे सोपे, दलालाला पकडणे अवघड. सरकारने सोपे ते केले आणि त्याला संरक्षण असे नाव दिले. रात्री बाहेर पडू नकोस म्हणजे तुला काही होणार नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेच हे राजपत्रात छापलेले आहे.

अवलंबित व्हिसा हा चौथा प्रकार. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्याच्या पत्नीला एच-फोर मिळतो. तिचे तिथले अस्तित्व सगळे नवऱ्याच्या कागदाला टांगलेले. त्याची नोकरी गेली की तिचे राहणे गेले, त्याने घटस्फोट दिला की तिचा व्हिसा संपला. मे २०१५ पर्यंत अशा स्त्रीला त्या व्हिसावर नोकरी करण्याची मुभाच नव्हती, मग ती डॉक्टर असो की इंजिनिअर. त्यानंतरही ज्यांच्या नवऱ्याचा कायम वास्तव्याचा अर्ज एका टप्प्यापर्यंत गेला आहे, त्यांनाच ती मिळाली. मारणाऱ्या नवऱ्याच्या हातात याहून सोयीचे हत्यार कोणते? त्याला दाराला कडी लावावी लागत नाही. 'व्हिसा रद्द करून पाठवून देईन' एवढे म्हटले की पुरते. पासपोर्ट काढून घेऊन बाईला माहेरी 'सुट्टीला' आणून सोडायचे आणि परत न्यायचेच नाही, हे प्रकार महाराष्ट्रातल्या समुपदेशन केंद्रांना नवे नाहीत. अनिवासी भारतीयांच्या लग्नांतल्या तक्रारींसाठी २००९ पासून राष्ट्रीय महिला आयोगात स्वतंत्र कक्ष आहे. अशा लग्नांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, त्याचा कायदा झाला नाही.

हे बदलता येते, आणि बदलले आहे तिथे ते बायांनी बदलले आहे. ब्रिटनमध्ये साऊथॉल ब्लॅक सिस्टर्स या १९७९ पासून काम करणाऱ्या संघटनेने वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारला: मार खाणाऱ्या बाईने मार खावा की देश सोडावा? त्यातून २००२ मध्ये नियम बदलला. ब्रिटिश नागरिक किंवा तिथे स्थायिक असलेल्या नवऱ्याच्या हिंसेमुळे लग्न मोडले, तर पत्नीला स्वतःच्या हक्काने तिथे राहण्याचा अर्ज करता येऊ लागला. २०१२ पासून त्या काळात तीन महिने सरकारी मदतही मिळू लागली. अमेरिकेच्या १९९४ च्या स्त्रीहिंसाविरोधी कायद्याने नागरिकाच्या आणि कायम रहिवाशाच्या पत्नीला नवऱ्याला न सांगता अर्ज करण्याची मुभा दिली. एच-फोरवाली त्यातही बाहेरच राहिली. तिच्यासाठी २००५ च्या दुरुस्तीने कामाच्या परवान्याची तरतूद केली. हे तिथे जाणाऱ्या मुलीला लग्नाआधी कुणी सांगते का? आपण हुंड्याची चौकशी करतो, मुलाच्या पगाराची करतो. तुझा व्हिसा कोणता आणि तो मोडला तर माझ्या मुलीचे काय, हे विचारणारा बाप मला अजून भेटायचा आहे.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक बचत गटाच्या वर्षभराच्या कार्यक्रमात एक दिवस कागदांचा असावा. शाळेचा दाखला, आधार, बँक यांवरचे नाव एक करून घेणे. पासपोर्टचे २०१६ चे नियम मराठीत भिंतीवर लावणे. व्हिसावर 'नोकरी' लिहिले आहे की 'भेट' एवढे प्रत्येक बाईला वाचता येणे. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत तपासून घ्यावा. त्याची फी ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर याहून जास्त असता कामा नये, आणि पावती मागावी. पासपोर्टच्या व व्हिसाच्या दोन-दोन प्रती करून एक आईकडे, एक मैत्रिणीकडे ठेवावी. ज्या देशात जायचे तिथल्या भारतीय दूतावासाचा फोन नंबर पाठ असावा. लिहिलेला कागद हिसकावता येतो.

आणि सरकारकडे आपण एकमुखाने मागावे: तीस वर्षांची अट काढा. तिच्या जागी कराराची सक्ती, दूतावासाची नियमित विचारपूस आणि फसवणाऱ्या दलालाला जरब बसेल अशी शिक्षा आणा. जिल्ह्याच्या ठिकाणी, गोंदियात, आठवड्यातून एक दिवस तरी परदेशी जाणाऱ्या बायांना मराठीत माहिती देणारा माणूस बसवा. करार १८९ वर शिक्कामोर्तब करा.

बायांनी गाव सोडून परदेशी जावे असा माझा आग्रह नाही. धानाला भाव आणि रोजगार हमीला बारा महिने काम मिळाले तर पुष्कळ जणी इथेच राहतील. पण जिला जायचे आहे तिने स्वतःच्या नावावर, खऱ्या कागदावर, परतीच्या तिकिटाची मालकीण म्हणून जावे. तिच्या पासपोर्टला जामीन म्हणून दुसरे कुणी उभे राहण्याची वेळ तिच्यावर येऊ नये.